हेडफोनची निवड : ख्यालसंगीताचा श्रोता आणि त्याच्या हाताशी असलेली साधने

प्रस्तावना :

ध्वनिमुद्रित संगीत ऐकण्याच्या साधनांपैकी हेडफोन हे आज घरोघरी पोहोचलेले, परंतु संगीतसमीक्षेने जवळजवळ दुर्लक्षित ठेवलेले साधन होय. घराण्यांची गायकी, रागांचे चलन, मैफलीची रंगत यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र ज्या साधनातून ते गाणे श्रोत्याच्या कानी पडते, त्या साधनाने मूळ गाण्यात काय मिसळले आणि त्यातून काय वगळले, याची चिकित्सा क्वचितच आढळते. हेडफोनविषयी जे लेखन उपलब्ध आहे ते बहुतांशी खरेदीच्या सल्ल्याचे असून त्यामागे पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचे ऐकणे गृहीत धरलेले असते. 'कोणता हेडफोन चांगला?' हा त्यातला नेहमीचा प्रश्न मुळातच अपुरा आहे. कोणते संगीत, कोणत्या काळातले ध्वनिमुद्रण, कोणत्या उपकरणाला जोडून आणि कोणत्या खोलीत बसून ऐकावयाचे, हे ठरल्याखेरीज त्याचे उत्तर संभवत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न हिंदुस्थानी ख्यालसंगीताच्या श्रोत्याच्या संदर्भात तपासला आहे. एखाद्या महाविद्यालयाचा संगीत विभाग वा ग्रंथालयाचा श्रवणकक्ष जेव्हा हेडफोन खरेदी करतो, तेव्हा निवडलेल्या वस्तूवर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांचा कान घडत असतो. म्हणून ही निवड केवळ ग्राहकाच्या सोयीची बाब राहत नाही.

साधनाची पूर्वपीठिका :

हेडफोनचा जन्म संगीतासाठी झालेला नाही. नॅथॅनिएल बाल्डविन या अमेरिकन संशोधकाने १९१० साली अमेरिकेच्या नौदलाला दोन्ही कानांचे संच पुरविले ते बिनतारी संदेश ऐकण्यासाठी. जर्मनीतील बायर या कंपनीने १९३७ साली डीटी ४८ हा गतिक पद्धतीचा हेडफोन आणला. जॉन कॉस यांच्या १९५८ च्या स्टिरिओ हेडफोनमुळे हे साधन घरगुती संगीतश्रवणात शिरले. सेनहायझरचा एचडी ४१४ हा खुल्या पाठीचा हेडफोन १९६८ चा, आणि सोनी वॉकमन १९७९ चा. हा प्रवास एकट्याने ऐकण्याच्या दिशेने झाला आहे. ज्या संगीतात श्रोत्याची दाद हा सादरीकरणाचाच एक घटक मानला जातो, ते संगीत अशा एकांतसाधनातून ऐकले जावे यात एक विसंगती आहे खरी. परंतु आकाशवाणी आणि ध्वनिमुद्रिका यांनी ती फार पूर्वीच पत्करलेली आहे.

गाण्याची मागणी :

हेडफोनची परीक्षा करताना सामान्यतः ड्रम, बेस गिटार, व्हायोलिनचा ताफा यांचे दाखले दिले जातात. ख्यालाची घडण निराळी आहे. येथे वाद्ये मोजकी असतात, लय दीर्घकाळ विलंबित असते आणि साऱ्या मांडणीला तानपुऱ्याच्या अखंड स्वराचे अधिष्ठान असते. त्यामुळे साधनातील बारीक दोषही चाळीस मिनिटे सतत कानावर आदळत राहतो. तीन मिनिटांच्या गीतात जो खपून जातो, तो बड्या ख्यालात खपत नाही.

पहिली कसोटी तानपुऱ्याची. घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागावर तार टेकते आणि तिच्याखाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी लागते. सी. व्ही. रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरील १९२१ च्या निबंधात दाखवून दिले की, तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूमुळे जे उपस्वर सिद्धांतानुसार गैरहजर असावयास हवेत, तेही तानपुऱ्यात जोमाने ऐकू येतात. म्हणजेच तानपुऱ्याचा नाद हा एका मूलस्वराचा नसून उपस्वरांच्या सतत बदलणाऱ्या समूहाचा नाद आहे. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, तर त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. काळी चार पट्टीत गाणाऱ्या गायिकेसाठी हेच आकडे सुमारे २०८ आणि १०४ होतात. मात्र जवारीचा झणत्कार याच्या कितीतरी वर, काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार जाणकाराला ऐकू येतो तो या विस्तारामुळेच.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते. तानपुऱ्यासाठी 'भरदार बेस' असलेला हेडफोन हवा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः मूलस्वर क्षीण असला तरी उपस्वरांच्या क्रमावरून मानवी कान तो स्वर ओळखतो. त्यामुळे साध्या इअरफोनमधूनही खर्ज 'कळतो'. जे हरवते ते जवारीचे वळण. तीन ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात हेडफोनला एखादा टोकदार उंचवटा असेल, तर उपस्वरांपैकी एखादाच गट सतत पुढे येतो आणि तानपुरा वाळूसारखा करकरतो. याच पट्ट्यात खोल दरी असेल, तर तानपुरा इलेक्ट्रॉनिक पेटीसारखा गुळगुळीत वाटू लागतो. मिरजेतील कारागिराने तासन्‌तास बसून लावलेली जवारी साधनाच्या एका उंचवट्याने पुसली जावी, हे काही क्षुल्लक नुकसान नव्हे. (मिरजेच्या सतार आणि तानपुरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्या नादाच्या श्रवणाचे मानांकन मात्र अद्याप कोणी केलेले नाही.)

दुसरी कसोटी तबल्याची. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले की, शाईच्या भारामुळे या चर्मवाद्याचे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी प्रमाणात येतात. म्हणूनच तबला स्वरात लावता येतो. दायाँच्या चाटेवरील 'ना' आणि मैदानावरील 'तिन्' यांतला भेद हा या उपस्वरांच्या प्रमाणाचा भेद आहे. डग्ग्याचे काम वेगळे. मनगटाच्या दाबाने 'घे'चा स्वर खालून वर सरकतो तेव्हा ऐकणाऱ्याला नुसता आघात नव्हे, तर स्वराचा प्रवास ऐकू यावा लागतो. ज्या हेडफोनचा खालचा पट्टा फुगवलेला असतो, त्यात हा घुमारा एकाच सुरात धपकतो. अशा साधनावर ठेका ऐकून वाढलेल्या विद्यार्थ्याला डग्ग्याचे बोलणे म्हणजे काय हे शब्दांनी समजावणे कठीण जाते, असे म्हणावे लागेल.

तिसरी आणि सर्वांत कठीण कसोटी कंठाची. आकाराचा उघडेपणा, आवाजातील काकू, मींड सुटताना होणारा बारीक क्षय, हे सारे प्रामुख्याने दोनशे ते चार हजार हर्ट्झच्या मध्यपट्ट्यात घडते. हाच पट्टा बाजारपेठेच्या दृष्टीने सर्वांत नीरस असतो. दुकानात अर्धा मिनिट ऐकणाऱ्यावर छाप पडते ती खालच्या दणक्याची आणि वरच्या चमकेची. मध्यपट्टा दाबला की दोन्ही अधिक उठून दिसतात. ख्यालाच्या श्रोत्यासाठी अशी रचना म्हणजे गायकाला चार पावले मागे बसवून पेटीवाल्याला आणि तबलजीला पुढे ओढण्यासारखे आहे.

ध्वनिमुद्रणाचे वय :

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला फ्रेड गेसबर्ग यांच्या कोलकात्यातील १९०२ च्या मुक्कामापासून आरंभ झाला. सुरुवातीची सुमारे पाव शतकाची ध्वनिमुद्रणे कर्ण्यासमोर गाऊन केलेली आहेत. त्यांची व्याप्ती स्थूलमानाने दोनशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढीच आहे. विद्युत्‌ध्वनिमुद्रणाने ही मर्यादा दोन्ही टोकांना पुष्कळ वाढविली. अब्दुल करीम खाँ यांची १९०४-०५ च्या सुमाराची ध्वनिमुद्रणे आणि १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली, तर एकाच कलावंताच्या दोन काळांइतकाच दोन यंत्रांतला फरकही ऐकू येतो.

येथे समीक्षेच्या दृष्टीने एक धोका संभवतो. जुन्या ध्वनिमुद्रिकांतील आवाज 'नाकातले', 'पातळ', 'कर्कश' असल्याचा अभिप्राय नवशिक्या श्रोत्यांकडून वारंवार ऐकू येतो. वास्तविक, कर्ण्याच्या स्वतःच्या अनुनादाने मध्यपट्ट्यात उंचवटे आधीच आलेले असतात. त्यात तीन हजार हर्ट्झच्या परिसरात उंचवटा असलेल्या हेडफोनची भर पडली की, दोषावर दोष चढतो आणि तो गायकाच्या गळ्याच्या नावे मांडला जातो. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट झाली. त्यांच्या आवाजाची घनता ज्यांनी प्रत्यक्ष मैफलीत अनुभवली, त्यांच्या साक्षी आणि आजच्या विद्यार्थ्याला इअरफोनमधून मिळणारा प्रत्यय यांत जी तफावत पडते, तिचा काही भाग निश्चितच साधनांच्या खाती जमा करावा लागेल. घराण्यांच्या आवाज-लगावाविषयी ध्वनिमुद्रणांवरून निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने आपण ते कशातून ऐकले, याची नोंद ठेवावी ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी ठरत नाही.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा संग्रह हे ज्याचे मुख्य श्रवण आहे, त्याने अतितपशील दाखविणाऱ्या हेडफोनच्या मागे लागू नये. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून ध्वनिमुद्रण-व्यवसायात रुळलेला बंद हेडफोन याचे चांगले उदाहरण होय. त्याचा वरचा पट्टा उठावदार आहे. ध्वनिमुद्रणातील खरखर आणि कापाकापीच्या खुणा शोधणाऱ्या तंत्रज्ञासाठी हा गुणच आहे. परंतु सुई घासल्याचा आवाज तीन मिनिटे मोठा करून ऐकणे हा रसिकाचा हेतू नसतो. अशा श्रोत्याला सौम्य वरचा पट्टा आणि सलग मध्यपट्टा असलेले साधन अधिक मानवते. कॉसचा १९८४ पासूनचा पोर्टा प्रो हा हलका, काहीसा बेसकडे झुकलेला हेडफोन तबकड्यांच्या बाबतीत आश्चर्यकारकरीत्या सहन करण्याजोगा ठरतो, तो याच कारणाने.

दीर्घवादन तबकड्यांच्या स्टिरिओ काळाचा प्रश्न वेगळा. हे मिश्रण दोन ध्वनिक्षेपकांसाठी केलेले असते. ध्वनिक्षेपकांपुढे बसलेल्या माणसाच्या प्रत्येक कानाला दोन्ही बाजूंचा आवाज थोड्याफार फरकाने पोहोचतो; हेडफोनमध्ये डावे ते डावीकडेच आणि उजवे ते उजवीकडेच राहते. जुन्या स्टिरिओ पद्धतीत तबला एका टोकाला आणि तंतुवाद्य दुसऱ्या टोकाला ठेवले असेल, तर डोक्याचे दोन तुकडे झाल्याचा भास होतो. यावर दोन्ही बाजूंचा आवाज अल्प प्रमाणात एकमेकांत मिसळण्याची सोय अनेक संगणकीय वादक-प्रणालींत असते. ती विनामूल्य आहे आणि हेडफोन बदलण्यापेक्षा अधिक परिणामकारक आहे. एकध्वनी मुद्रणांत अर्थातच हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे सारी मैफल मस्तकाच्या मध्यभागी भरते.

हाताशी असलेले उपकरण :

हेडफोनच्या निवडीत सर्वाधिक पैसा वाया जातो तो या टप्प्यावर. उपकरण आणि हेडफोन यांचा मेळ दोन गोष्टींवर अवलंबून असतो : हेडफोनचा इम्पिडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती विद्युत्‌प्रवाहाला होणारा एकूण विरोध, आणि त्याची संवेदनशीलता, म्हणजे ठराविक शक्ती दिली असता निर्माण होणारी ध्वनिपातळी. या दोहोंची गल्लत सर्रास केली जाते.

समजा, दोन हेडफोनची संवेदनशीलता सारखीच, एका मिलिवॅटला ९७ डेसिबल आहे. एकाचा इम्पिडन्स ३२ ओहम आणि दुसऱ्याचा ३०० ओहम आहे. मोबाइल फोन जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट देतो असे धरले, तर पहिल्याला सुमारे ७.८ मिलिवॅट मिळतात आणि पातळी १०६ डेसिबलच्या आसपास जाते. दुसऱ्याला जेमतेम ०.८ मिलिवॅट मिळतात आणि पातळी ९६ डेसिबलवर थांबते. ९६ हा आकडा वरकरणी पुरेसा वाटतो. परंतु ही सर्वोच्च क्षणांची पातळी आहे. ख्यालाच्या आरंभीची आलापी सर्वोच्च पातळीच्या वीस-पंचवीस डेसिबल खाली असू शकते. मैफलीच्या जपून केलेल्या ध्वनिमुद्रणात याहूनही खाली. म्हणजे आलाप ७०-७५ डेसिबलवर राहतो. शांत खोलीत तेवढा पुरतो. छताचा पंखा फिरत असताना पुरत नाही. उलट, आधीच मोठ्या पातळीवर दाबून बसविलेल्या चित्रपटगीतासाठी तोच फोन आणि तोच हेडफोन बिनतक्रार चालतो. एकाच साधनाविषयी दोन श्रोत्यांचे परस्परविरोधी अभिप्राय येतात, ते पुष्कळदा दोघेही खरे बोलत असल्यामुळे.

दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. उपकरणालाही स्वतःचा निर्गम-इम्पिडन्स असतो आणि तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा संकेत आहे. घरातील जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हेडफोनचे भोक बहुधा ध्वनिक्षेपकाच्या जोडणीतूनच रोधक घालून काढलेले असते; तेथे हा आकडा शंभर ओहम किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. अशा अ‍ॅम्प्लिफायरला ३२ ओहमचा हेडफोन जोडला आणि त्या हेडफोनचा इम्पिडन्स शंभर हर्ट्झच्या परिसरात ८० ओहमपर्यंत चढत असला, तर तेवढाच पट्टा आपोआप मोठा होतो. उपकरणाचा इम्पिडन्स केवळ पन्नास ओहम धरला तरी हा फरक चार डेसिबलचा भरतो. एक ओहमच्या उपकरणावर तोच फरक एक-पंचमांश डेसिबलहूनही कमी असतो. डग्गा घुमण्याऐवजी गुरगुरतो अशी तक्रार असलेल्या श्रोत्याने हेडफोनला दोष देण्यापूर्वी भोकाकडे पाहावे.

आता सेनहायझर एचडी ६०० चा विचार करू जाता चित्र पालटते. १९९७ साली आलेल्या या खुल्या हेडफोनचा नाममात्र इम्पिडन्स ३०० ओहम असून खालच्या पट्ट्यात तो ५०० ओहमच्या आसपास चढतो. शंभर ओहमच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर याचा परिणाम एका डेसिबलहून कमी होतो. म्हणजे ज्या घरी वडिलांच्या काळचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर धूळ खात पडला आहे, त्या घराने नव्या प्रवर्धकावर खर्च न करता उच्च इम्पिडन्सचा हेडफोन घ्यावा, आणि ज्याच्याकडे केवळ मोबाइल आहे त्याने कमी इम्पिडन्सचा, अधिक संवेदनशील हेडफोन घ्यावा, हे उत्तर गणिताने मिळते. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा बंद हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा निरनिराळ्या आवृत्त्यांत निघाला, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. महागडी ती सरस असा त्याचा अर्थ नव्हे.

एचडी ६०० च्या मर्यादाही सांगावयास हव्यात. साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज उतरत जातो. काळी एकच्या खर्जाची तार नेमकी त्याच उंबरठ्यावर येते. तरीही कंठाच्या पट्ट्यातील त्याचा प्रामाणिकपणा पाहता ख्यालासाठी ही उणीव गौण मानावी लागते. दोष त्याच्या खुलेपणाचा आहे. रहदारीच्या रस्त्यावरील सदनिकेत, कुकरच्या शिट्टीत आणि पंख्याच्या घरघरीत खुला हेडफोन म्हणजे उघड्या खिडकीत बसून ऐकणे होय. श्रवणकक्षात तर तो बाहेरही ऐकू येतो, आणि शेजारच्या टेबलावर यमन चालू असता आपला मारवा सांभाळणे कोणालाही अवघड जाते.

नव्या फोनमधून ३.५ मिलिमीटरचे भोक बरेचसे नाहीसे झाले आहे; अ‍ॅपलने २०१६ च्या आयफोन ७ पासून ते काढले. टाइप-सी जोडणीचा छोटा परिवर्तक वापरून तारेचा हेडफोन चालविता येतो आणि असे कित्येक परिवर्तक एक व्होल्टपर्यंत देतात. म्हणजे वरील उदाहरणातील ३०० ओहमच्या हेडफोनला सहा डेसिबल अधिक. बिनतारी हेडफोनमध्ये हे सारे गणित बाद होते, कारण अ‍ॅम्प्लिफायर हेडफोनच्या पोटातच असतो. श्रोत्याच्या जुन्या उपकरणांचे मोलही त्याबरोबर बाद होते, हे मात्र विक्रेता सांगत नाही. ब्लूटूथवरील संकेतसंक्षेपाविषयी अवास्तव चिंता केली जाते. सोनीने २०१५ साली आणलेली एलडॅक पद्धत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती वाहून नेते. साध्या एसबीसी पद्धतीतही नीट प्रसारित झालेला ख्याल ओळखू न येण्याइतका बिघडत नाही. खरा अडसर विलंबाचा आहे. तबल्याचा विद्यार्थी बिनतारी हेडफोनवर लेहरा ऐकून रियाज करतो तेव्हा तो ऐकलेल्या लेहऱ्याशीच जुळवून घेतो, त्यामुळे त्याला काही जाणवत नाही. तोच रियाज संगणकावर ध्वनिमुद्रित केला की प्रत्येक सम मागे पडलेली दिसते, आणि लय कच्ची असल्याचा ठपका विद्यार्थ्यावर येतो.

अभिप्रायांची भाषा :

हेडफोनच्या परीक्षणांत 'वॉर्म', 'ब्राइट', 'पंची' अशी विशेषणे मुक्तहस्ते वापरली जातात. संगीताच्या मराठी परिभाषेत नाद, आस, घुमारा, किनार, जवारी असे कितीतरी नेमके शब्द असताना मराठी श्रोताही उसन्या विशेषणांतच बोलू लागतो, ही शोचनीय गोष्ट आहे. 'डग्ग्याची मींड तुटते' या वाक्यात हेडफोनचा दोष जितका नेमका सांगितला जातो, तितका 'बेस लूज आहे' यात सांगितला जात नाही.

तथापि या टीकेला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. भारतीय संगीतासाठी भारतीय कानाचा निराळा हेडफोन हवा, असा युक्तिवाद यातून निघत नाही. हर्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात केलेल्या श्रवणचाचण्यांत कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीन येथील श्रोत्यांची पसंती बऱ्याच अंशी एकाच समतोल ध्वनीकडे झुकलेली आढळली. भारत त्यात नव्हता. तरीही श्रोत्याच्या राष्ट्रीयत्वाने कानाची रचना बदलते असे मानण्यास आधार नाही. कर्णनलिकेचा स्वाभाविक अनुनाद तीन हजार हर्ट्झच्या जवळपास असतो, आणि हेडफोनने त्याची योग्य भरपाई करावी ही अपेक्षा सर्वत्र सारखीच. बदलते ती सामग्री. दणकेबाज गीतासाठी या समतोलाहून पाच डेसिबल ढळलेले साधन चालून जाते. तानपुऱ्यासाठी चालत नाही. ख्याल वेगळा हेडफोन मागत नाही, तो कमी चुकणारा हेडफोन मागतो.

किमतीविषयीचा भ्रमही येथेच दूर व्हावा. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मापने तपासून दाखविले की, हेडफोनचा वारंवारता-प्रतिसाद आणि त्याची किरकोळ विक्रीची किंमत यांत सहसंबंध आढळत नाही. किंमत बांधणीला, आरामाला, सुट्या भागांच्या उपलब्धतेला लागू पडत असेल. नादाला लागू पडेलच असे नाही. शिवाय समतोलातील किरकोळ दोष फोनवरील वा संगणकावरील इक्वलायझरने पुष्कळ अंशी सुधारता येतात. मध्यपट्टा दोन-तीन डेसिबल उचलून पाहण्यास काहीही खर्च येत नाही, आणि तरीही बहुसंख्य श्रोते तसे करण्याआधी नवी वस्तू विकत घेतात.

पारखताना :

दुकानात वाजविले जाणारे नमुने बाजूला सारून श्रोत्याने आपलाच फोन किंवा आपलेच उपकरण आणि आपल्या परिचयाची तीन ध्वनिमुद्रणे न्यावीत : एक जुनी तबकडी, एक विलंबित ख्याल आणि तबल्याचे एक एकल वादन. दोन हेडफोनांची तुलना करताना दोहोंची पातळी सारखी करून घेणे अगत्याचे आहे. एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठे वाजणारे साधन कानाला मोठे न वाटता सरस वाटते. विक्रीच्या जागी हा मानवी स्वभाव नेहमीच उपयोगी पडतो. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात गायक थांबतो त्या जागा ऐकाव्यात. तानपुरा एकटाच उरतो त्या दोन-तीन सेकंदांत हेडफोनचा स्वभाव जितका उघडा पडतो, तितका द्रुत तानेत पडत नाही.

पातळीचा प्रश्न कानाच्या आरोग्याशीही निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही श्रवणाची मर्यादा आहे, आणि प्रत्येक तीन डेसिबलच्या वाढीला हा अवधी निम्मा होतो. ८९ डेसिबलवर आठवड्याला पाचच तास उरतात. बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी आवाज चढविण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला, रोज लोकलच्या प्रवासात गाणे ऐकणाऱ्या श्रोत्याला, खुल्या हेडफोनच्या नादसौंदर्याचा उपदेश करणे त्यामुळे बेजबाबदारपणाचे ठरेल. त्याच्यासाठी कान नीट झाकणारा बंद हेडफोन किंवा गोंगाट-निवारणाची सोय असलेला बिनतारी हेडफोन हीच सुज्ञ निवड होय. गाडीच्या आणि पंख्याच्या एकसारख्या खालच्या घरघरीवर ही निवारणपद्धती विशेष परिणामकारक असते. अमर बोस यांना तिची कल्पना १९७८ साली सुचली ती विमानप्रवासात, इंजिनाच्या घरघरीतच.

श्रवणकक्षासाठी खरेदी करणाऱ्या समितीने आणखी दोन गोष्टी निविदेत लिहून घ्याव्यात. हेडफोनची तार सुटी काढता येणारी असावी, कारण मोडते ती बहुधा तीच. आणि कानावरच्या गाद्या बदलता येणाऱ्या, शक्यतो मखमली असाव्यात. कृत्रिम चामड्याच्या गाद्या कोकणातल्या दमट हवेत काही पावसाळ्यांत सोलपटू लागतात. गादी विरली की तिची पकड सुटते, खालचा पट्टा गळून जातो, आणि डग्गा पुन्हा एकदा ऐकू येईनासा होतो.